एसी कंप्रेसर जाम : एका पेट्रोल हॅचबॅकच्या प्रकल्प नोंदी

गाडी २०१४ ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, ९१,००० किलोमीटर. गॅस आर-१३४ए, बॉनेटखालच्या स्टिकरवर ३८० ग्रॅम. तेल पीएजी ४६, पूर्ण सिस्टिमचं मिळून १०० मि.ली. कंप्रेसर स्वॉश प्लेटचा (तिरकी थाळी फिरून पिस्टन पुढेमागे करते तो), स्थिर क्षमतेचा, पुढे इलेक्ट्रोमॅग्नेटिक क्लच: त्याच्या कॉइलला वीज मिळाली की कंप्रेसर पुलीला जोडला जातो. ओल शोषणारा ड्रायर कंडेन्सरच्या (बंपरमागची, गॅस थंड करणारी जाळी) कडेलाच बसवलेला. काम पुण्यात.

१५ एप्रिल २०२५, सकाळ

तक्रार अशी: हायवेला गार, सिग्नलला उभं राहिलं की कोमट. आठवडाभर घरघर, परवा बेल्ट किंचाळला, जळका वास आला आणि त्यानंतर एसी लागतच नाही. सोबत जुनी बिलं आहेत. दोन उन्हाळ्यांत तीन वेळा गॅस भरलेला. एकाही बिलावर किती ग्रॅम भरला ते नाही आणि तेलाचं तर नावच नाही. ही बिलं पाहूनच अर्धा अंदाज येतो, पण मोजमाप केल्याशिवाय लिहायचं नाही.

आधी वीज. फ्यूज शाबूत. रिले हॉर्नच्या तशाच रिलेशी बदलून पाहिला, फरक नाही. इंजिन चालू, एसीचं बटण दाबलेलं, क्लचच्या कनेक्टरवर १३.८ व्होल्ट येतात. म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) हुकूम देतोय, प्रेशर स्विचही अडवत नाही. कनेक्टर सोडून कॉइलचा रोध मोजला. अशा कॉइलला ३ ते ४ ओहम दिसायला हवेत, इथे मीटर काहीच दाखवत नाही. कॉइल तुटलेली.

इथेच बरेच जण फसतात. नवी कॉइल टाकली, क्लच लागला, गिऱ्हाईक खूश आणि दोन दिवसांत तीही जळाली. या जातीच्या कॉइलमध्ये आत थर्मल फ्यूज असतो. पुली तापली की तो वितळतो आणि कॉइल कायमची बंद पडते. तेव्हा खरा प्रश्न, पुली तापली कशाने?

बेल्ट काढला. क्लचची पुढची थाळी कंप्रेसरच्या शाफ्टवर असते आणि पुली स्वतःच्या बेअरिंगवर मोकळी फिरते, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या तपासायच्या. पुली फिरवली: आवाज नाही, खेळ नाही, पण घासणाऱ्या कडेवर निळसर छटा. थाळी हाताने फिरवली: पाव फेरा जड फिरते आणि अडकते. उलटी फिरवली तर त्याच जागी पुन्हा अडकते. चांगल्या कंप्रेसरची थाळी थोडी जड पण सगळीकडे सारखी फिरते. कंप्रेसर आतून जाम झालाय, क्लच त्याच्यावर घसरत राहिला आणि त्या उष्णतेने कॉइल गेली. बेल्ट अल्टरनेटरशी सामाईक आहे. क्लचने पकड सोडली नसती तर बेल्ट तुटून चार्जिंगही गेलं असतं.

१५ एप्रिल, दुपार

गेज लावले. इंजिन बंद, शेडमध्ये ३७ अंश. दोन्ही काटे ६२ पीएसआयवर. सिस्टिममध्ये थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असता तर ३७ अंशांना काटा सुमारे १२० दाखवणार, मग आत १५० ग्रॅम असो वा ४००. त्यामुळे बंद इंजिनवर १२० दिसले म्हणजे गॅस पुरेसा आहे असं होत नाही. ६२ दिसले, याचा अर्थ मात्र एकच: द्रव उरलेला नाही, सगळी वाफ आहे. मशिनवर गॅस ओढून घेतला, वजन ५५ ग्रॅम. ३८० पैकी ५५.

कंप्रेसर काढण्याआधी गळती शोधायची. एकदा पाइप सुटले की पुरावाही सुटतो. रेग्युलेटरमधून कोरडा नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत भरला. टायर भरायची हवा इथे चालत नाही. तिच्यात पाणी असतं, शिवाय दाबाखाली हवा आणि आर-१३४ए यांचं मिश्रण पेट घेऊ शकतं. ऑक्सिजनचा तर विचारच नको, तेलाशी गाठ पडली की स्फोट.

चाळीस मिनिटांत १५० चे १३८. बंपर काढला. कंडेन्सरच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात चिखल वाळून घट्ट बसलाय आणि त्याच्यावर तेलकट काळा डाग. ओल्या फडक्याने पुसून साबणाचं पाणी लावलं, बारीक फेस सतत येतो. चिखल धरून ठेवतो ओल, आणि ओल खाते अॅल्युमिनियम. पुण्यात पावसाळा काढलेल्या गाड्यांत हा कोपरा ठरलेला.

दुसरी गोष्ट पंखा. सिग्नलला कोमट होण्याचं कारण फक्त कमी गॅस मानून पुढे जायचं नव्हतं. पंख्याला थेट १२ व्होल्ट दिले: हाय स्पीड जोरात, मोटर ठीक. लो स्पीडच्या तारेवर दिले: काहीच नाही. रेझिस्टर तपासला, सर्किट तुटलेलं. म्हणजे एसी लावल्यावर पंखा फिरतच नव्हता. रेडिएटरचं पाणी तापेल तेव्हा हाय स्पीड लागायचा, तोवर उभ्या गाडीत कंडेन्सरला वारा नाही.

आता चित्र जुळतं. गॅस गळताना एकटा जात नाही, सोबत थोडं तेल घेऊन जातो. तीन वेळा नुसता गॅस भरला, तेल कोणी भरलं नाही. वरून पंखा बंद, म्हणून हाय साइडचा, म्हणजे कंप्रेसरच्या पुढच्या जास्त दाबाच्या बाजूचा, दाब आणि उष्णता वाढलेली. कमी तेल आणि जास्त ताप, दोन्ही एकदम.

१६ एप्रिल

कंप्रेसर काढला. चार बोल्ट, दोन पाइप. पाइपांची तोंडं सुटल्या सुटल्या टोप्यांनी बंद केली. उघडं राहिलेलं प्रत्येक तोंड हवेतलं पाणी पितं.

तेल मापाच्या भांड्यात उलटं करून, थाळी अडकेल तिथपर्यंत फिरवत काढलं. निघालं १४ मि.ली. चांगल्या स्थितीत कंप्रेसरमध्येच ४० च्या आसपास निघायला हवं होतं. रंग काळा, वास जळका, फडक्यावर पसरवलं की चंदेरी चुरा चमकतो. चुऱ्यावर लोहचुंबक फिरवला, थोडाच चिकटला. उरलेला अॅल्युमिनियमचा, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंती खरवडल्या गेल्यात.

चुरा कुठवर पोचलाय ते पाहणं महत्त्वाचं, खर्च त्यावर ठरतो. कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या डिस्चार्ज पाइपच्या तोंडात बोट फिरवलं, काळं. कंडेन्सरच्या आत जाणाऱ्या तोंडातही काळं. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (बारीक भोकातून द्रव गॅसचा दाब उतरवणारा) सोडला, द्रवाच्या बाजूला शाईसारखा थर. कंप्रेसरकडे परत येणारा सक्शन पाइप मात्र जवळपास स्वच्छ. चुरा कंप्रेसरमधून पुढच्या दिशेने गेला, व्हॉल्व्हच्या बारीक भोकापाशी बराचसा अडला.

काय बदलायचं ते ठरलं: कंप्रेसर क्लच-कॉइलसह, कंडेन्सर ड्रायरसह, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, सगळ्या ओ-रिंगा, पंख्याचा रेझिस्टर. काय धुवायचं: डिस्चार्ज पाइप, द्रवाचा पाइप, सक्शन पाइप, कूलिंग कॉइल (डॅशबोर्डमधली, हवा गार करणारी; क्लचची कॉइल वेगळी).

कंडेन्सर धुऊन वापरता येईल का, हा प्रश्न दरवेळी येतो. जुन्या काळी एकच जाड नळी नागमोडी फिरायची, ती धुता यायची. आताच्या पॅरलल फ्लो कंडेन्सरमध्ये चपट्या नळ्यांत एक मिलिमीटरच्या घरातली भोकं असतात आणि डझनावारी नळ्या समांतर. धुण्याचं औषध मोकळ्या नळ्यांतून निघून जातं, तुंबलेल्या तशाच राहतात. पुढच्या तोंडातून स्वच्छ औषध बाहेर येतं आणि माणूस फसतो. शिवाय हा तर फुटकाच आहे.

रिकंडिशन कंप्रेसर स्वस्त मिळतो. त्यात नक्की काय बदललंय हे विकणाऱ्याला सांगता आलं तर विचार करावा. बहुतेकदा शाफ्टचा सील, नवं बेअरिंग आणि रंग. नवाच मागवला.

१९ एप्रिल

धुण्याचा दिवस. प्रत्येक पाइपमधून अर्धा लिटर फ्लशिंग लिक्विड, गॅस वाहतो त्याच्या उलट दिशेने, मागून नायट्रोजनचा झटका. तोंडापाशी पांढरं फडकं. डिस्चार्ज पाइप तिसऱ्या वेळी स्वच्छ आला, द्रवाचा पाइप दुसऱ्या वेळी. सक्शन पाइपमधून पहिल्यांदाच जवळपास निर्मळ.

कूलिंग कॉइल गाडीतच ठेवून, इंजिनच्या बाजूला येणाऱ्या दोन तोंडांतून धुतली. त्याआधी व्हॉल्व्ह काढलेला असलाच पाहिजे, नाहीतर सगळा गाळ त्याच्या जाळीवर जाऊन बसतो. पाच वेळा करावं लागलं. चौथ्यांदा फडकं स्वच्छ दिसलं, पण औषध कॉइलमध्ये दहा मिनिटं मुरू दिलं तेव्हा पाचव्या झटक्याला पुन्हा तपकिरी पाणी आलं. न थांबता एकामागून एक झटके दिले असते तर हे आतच राहिलं असतं.

त्यानंतर प्रत्येक भाग ८० पीएसआयच्या नायट्रोजनने वीस मिनिटं वाळवला. राहिलेलं औषध नव्या तेलात मिसळून ते पातळ करतं. थंड आरसा तोंडासमोर धरला, धुरकट झाला नाही, वासही गेला.

कूलिंग कॉइल एकटी बंद करून १५० पीएसआयवर अर्धा तास ठेवली. काटा जागचा हलला नाही. कॉइल गळकी निघाली असती तर डॅशबोर्ड उतरवावा लागला असता, म्हणून हे जोडाजोडीच्या आधी.

२१ एप्रिल

नवा कंप्रेसर आला. खोका उघडला की लगेच बसवायचा नाही. जुन्याशेजारी ठेवून ताडून पाहिलं: बोल्टचे कान, पुलीच्या खाचा, पुलीचा व्यास, पुलीची रेषा, पाइपांच्या तोंडांचा कोन, कनेक्टर. अंगावरच्या स्टिकरवर आर-१३४ए आणि पीएजी ४६ दोन्ही आहेत.

तेलाचा हिशेब. नव्या कंप्रेसरमध्ये १०० मि.ली. भरलेलं असल्याचं कागदावर आहे. उलटा करून मोजलं, ९२ निघालं, बाकीचं आत चिकटून असणार. फक्त कंप्रेसर बदलला असता तर बाकीच्या सिस्टिममध्ये तेल शिल्लक असतं, मग जुन्यातून जितकं निघालं साधारण तितकंच ठेवून बाकीचं काढायचं असतं. इथे सगळी सिस्टिम कोरडी धुतलेली आहे, म्हणून पूर्ण १०० पाहिजे. आत चिकटलेलं ८ धरून हिशेब केला: कंप्रेसरमध्ये सक्शनच्या तोंडाने ५२, नव्या कंडेन्सरमध्ये २५, कूलिंग कॉइलच्या पाइपमध्ये १५. सगळं कंप्रेसरमध्येच ओतलं तर सुरू करताना तो द्रव तेल दाबायला जातो, आणि द्रव दाबला जात नाही, रीड व्हॉल्व्ह (पातळ पत्र्याची झडप) तुटतो.

पीएजी तेल पाणी ओढून घेतं. बाटली एकदा उघडली की त्याच दिवशी वापरायची, गेल्या उन्हाळ्यातली अर्धी बाटली कितीही स्वच्छ दिसली तरी नाही.

क्लचची फट फीलर गेजने तीन ठिकाणी: ०.४५, ०.४५, ०.५० मि.मी. मर्यादा ०.३ ते ०.६, ठीक. जास्त असती तर आतली एक पातळ शिम (चकती) काढावी लागली असती. फट जास्त झाली की गार असताना क्लच लागतो आणि कॉइल तापल्यावर सुटतो. कमी झाली की बंद असतानाही घासत राहतो.

बोल्ट: कंप्रेसरचे आठ मि.मी.चे २५ न्यूटन मीटर, पाइपांचे सहा मि.मी.चे १० न्यूटन मीटर. अॅल्युमिनियमच्या आट्या आहेत, अंदाजाने आवळणाऱ्याला एक दिवस त्या रडवतातच. ओ-रिंगांना तेच पीएजी तेल बोटाने, आट्यांना मात्र नाही. ड्रायरसह कंडेन्सर सगळ्यात शेवटी उघडला.

२२ एप्रिल

पुन्हा नायट्रोजन, १५० पीएसआय. वीस मिनिटांत १४६. साबणाच्या पाण्याने शोधलं, व्हॉल्व्हच्या सक्शन बाजूच्या जोडाला फुगे. सोडून पाहिलं तर ओ-रिंग चिमटून एका जागी कापलेली. बसवताना पाइप तिरका गेला होता. चूक आपलीच. नवी रिंग, पाइप सरळ हाताने पूर्ण आत बसवून मगच बोल्ट.

दुसऱ्यांदा १५० वर दोन तास ठेवलं. शेवटी १४८. हे दोन पीएसआय गळतीचे नाहीत: शेड ३७ वरून ३४ अंशांवर आली होती आणि तेवढ्या फरकाने बंद नायट्रोजनचा दाब दीड-दोन पीएसआय उतरतोच. तापमान लिहिलं नाही तर अशा आकड्याचा अर्थ लागत नाही आणि चांगला जोड उगाच सोडला जातो.

व्हॅक्यूम पंप लावला. पंपाचं तेल आधी बदललं. काटा २८ इंचांवर थांबला आणि पुढे जाईना. गेजवर २९.९ पर्यंत आकडे असल्याने गळती आहे असं वाटतं, पण पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, इथला हवेचा दाबच पाऱ्याच्या सुमारे २८ इंचांइतका. त्याहून जास्त व्हॅक्यूम इथे मिळणारच नाही. मुंबईत जे ३० च्या जवळ दिसेल ते इथे २८.

४५ मिनिटांनी पंप बंद. काटा २७ वर आला आणि थांबला. गळती असती तर तो थांबला नसता, सरकतच राहिला असता. थांबला म्हणजे आत थोडं पाणी किंवा तेलात मुरलेलं औषध उकळतंय. आणखी एक तास पंप. या वेळी अर्धा तास काटा हलला नाही.

२३ एप्रिल

रात्रभर व्हॅक्यूमवर सोडली होती, सकाळीही काटा तिथेच.

गॅस भरण्याआधी सिलिंडर तपासला. रात्रभर शेडमध्ये ठेवलेला, ३३ अंश. शुद्ध आर-१३४ए असेल तर दाब १०८ पीएसआयच्या आसपास. पहिल्या सिलिंडरवर १२८ आले. हवा मिसळलीय किंवा दुसरा गॅस, काहीही असो, बाजूला ठेवला. दुसऱ्यावर १०९, तो घेतला. दाब जुळला म्हणजे गॅस शुद्धच असं मात्र सिद्ध होत नाही, काही मिश्रणं याच्याच जवळचा दाब दाखवतात. म्हणून सीलबंद, ओळखीच्या दुकानातलाच.

वजनकाट्यावर सिलिंडर, नळ्यांमधली हवा काढून काटा शून्यावर. इंजिन बंद ठेवून हाय साइडने द्रव २०० ग्रॅम. हाय साइडचा व्हॉल्व्ह बंद, नीट बंद झालाय हे दोनदा पाहिलं; इंजिन चालू असताना तो उघडा राहिला तर कंप्रेसरचा दाब उलटा सिलिंडरमध्ये जातो. क्लचची थाळी हाताने दहा फेरे फिरवली, म्हणजे कंप्रेसरच्या सिलिंडरमध्ये साचलेलं तेल सुटतं. मग इंजिन आयडलला, एसी चालू, सिलिंडर उभा धरून लो साइडने वाफ १८० ग्रॅम. एकूण ३८०, काट्यावर.

बाजारात ४५० ग्रॅमचा डबा मिळतो. या गाडीत तो अख्खा रिकामा केला की ७० ग्रॅम जास्त जातात, सुमारे १८ टक्के. वजनकाटा नसलेल्या ठिकाणी “डबा भरला” म्हणजे नेमकं हेच होतं.

क्लच बसण्यासाठी वीस वेळा दहा-दहा सेकंदांनी चालू-बंद. नव्या थाळीचे पृष्ठभाग एकमेकांवर घासून बसले नाहीत तर पहिल्याच उन्हात क्लच घसरतो.

मोजमाप, बाहेर ३६ अंश, काचा बंद, रिसर्क्युलेशन, ब्लोअर दोनवर, दहा मिनिटांनंतर. १५०० आरपीएमला लो ३४, हाय २२५ पीएसआय, डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत ८ अंश. आयडलला लो ४२, हाय २४०, जाळीत ११ अंश. एसी लावताच पंख्याचा लो स्पीड लागतो.

एक चाचणी मुद्दाम केली. आयडलला पंख्याचा कनेक्टर काढला आणि गेजकडे डोळे लावून उभे राहिलो. दीड मिनिटात हाय साइड २४० वरून ३३० वर. लगेच एसी बंद केला. जुना कंप्रेसर प्रत्येक सिग्नलला हे सोसत होता, तेही १४ मि.ली. तेलावर. रेझिस्टर न बदलता नुसता कंप्रेसर बसवला असता तर पुढच्या मे महिन्यात हीच गाडी याच जागी उभी असती.

५ मे

६४० किलोमीटरनंतर तपासणी. बाहेर ३८ अंश. १५०० आरपीएमला लो ३५, हाय २३५. दोन अंश जास्त उन्हात हे योग्यच. जाळीत ९ अंश. सगळ्या जोडांवर कोरडं फडकं फिरवलं, तेलाचा माग नाही. बेल्टचा आवाज नाही. क्लचची फट ०.४५.

कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात जाळीदार रबराची पट्टी बसवली, पाणी थांबू नये म्हणून तळाला दोन फटी ठेवून. मालकांना सांगितलं: पावसाळ्यात महिन्यातून एकदा बंपरच्या फटीतून साध्या नळाने चिखल धुवायचा, प्रेशर वॉशर जवळून मारायचा नाही, फिन्स वाकतात. बिलावर लिहून दिलं: गॅस ३८० ग्रॅम, तेल पीएजी ४६, १०० मि.ली., तारीख २३ एप्रिल.